येते म्हणजे येते

४ मार्च

सूनबाई,

आधी आशीर्वाद घे, मग अभिनंदन. काल तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी माझ्या मनाने भरते, हे तुला माहीत आहेच. म्हणून तर पत्र लिहायला बसले. पण एवढं मात्र स्पष्ट ऐकलं, की तुला साइटवर वरची जागा मिळाली. इतकी वर्षं खाली धुळीत उभी राहून मालाची लिफ्ट चालवलीस, त्याचं चीज झालं. आता बसायला खुर्ची असेल. तिच्यावर उशी घालून घे, नाहीतर पाठ धरते. पंखा आहे का? आणि खिडकीशेजारी बसू नकोस, तुला वारं बाधतं.

इकडे तुझ्या नणंदेला डॉक्टरांनी पलंगावरून उठायची बंदी केली आहे. तिचं बाळंतपण होऊन बाळ जरा अंग धरेपर्यंत मला हलता येणार नाही. हात इथे राबतात आणि जीव तिकडे खारूपाशी. अडीच वर्षांचं पोर, घरात आजी नाही, आई कामावर, बाप बेकरीची रात्रपाळी करून दिवसा घोरत पडलेला. तिच्या दादाची मला काळजी नाही. तो शाळेत रमला आहे, आणि डबा दिसला की त्याला जगाचा विसर पडतो. खारू तुझ्यावर गेली आहे. गोष्ट मनात धरली की धरली.

म्हणून एक सांगते. पाळणाघरात तिची नजर चुकवून पळू नकोस. तिच्याकडे बघायचं, हसायचं, 'येते हं' म्हणायचं आणि मग निघायचं. 'जाते' म्हणू नये, हे काही तुला सांगायला नको.

वरच्या जागेवर बसून आम्हा खालच्यांना विसरू नकोस म्हणजे झालं.

तुझी,
आई

११ मार्च

अहो आई,

नमस्कार करते, आणि पत्र बसून वाचा अशी विनंती करते.

तुमचं पत्र वाचून तुमचा लेक इतका हसला की चहा सांडला. मग कागद-पेन माझ्यापुढे सरकवलं, कारण खरं काय ते आता मला लिहावं लागणार होतं. जागा वरची आहे, हे बरोबर. खुर्चीही आहे. खिडकीशेजारी बसू नकोस म्हणता, तर चारही बाजूंना खिडक्याच आहेत. पायाखालीसुद्धा काच आहे. आई, मला क्रेन मिळाली. ती उंच, पिवळी, जिचा आडवा हात सगळ्या इमारतींच्या वरून फिरतो, ती. तिच्या मानेपाशी एक काचेची खोली असते ना, तिथे मी बसते.

रागावू नका. निदान पुढचं वाचेपर्यंत रागावू नका. शिडी खांबाच्या आतून जाते, चारी बाजूंना जाळी आहे, कमरेला पट्टा आहे. पहिल्या दिवशी वर पोचले तेव्हा तो पट्टा दोनदा ओढून पाहिला. मग बसले, दोन्ही दांडे हातात घेतले, आणि विटांची पहिली रास उचलून सातव्या मजल्यावर अशी टेकवली की एक वीट हलली नाही. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. मला हे काम येतं, आई. इतकं चांगलं येतं की मलाच नवल वाटतं.

खाली एक म्हातारा सिग्नलवाला असतो. माल कुठे टेकतो ते मला पुष्कळदा दिसतच नाही. तो वायरलेसवर 'वर', 'खाली', 'थांब' म्हणेल तसं मी करायचं. दोन महिने माझं काम पारखणार आहेत. तोवर एकही रजा नाही. मग साहेब मला पक्की करायची की परत लिफ्टवर पाठवायची ते ठरवणार. माझ्या जागेवर डोळा ठेवून एक जण उभाच आहे.

आता खारू. तुमच्यापासून लपवत नाही, तिचं काही बरं चाललेलं नाही. मी तुम्ही सांगता तस्सं करते. हसून 'येते हं' म्हणते आणि निघते. ती रडतही नाही. पण पाळणाघरवाल्या बाई सांगतात, दिवसभर दाराशी बसते. पायातले बूट काढू देत नाही. दार वाजलं की उठून उभी राहते, दुसरं कुणी आलं की पुन्हा बसते. जेवत नाही. खेळायला बोलावलं तर म्हणते, 'आई येते म्हणाली.' बघा, तिला सगळं कळतं, तरी हा हट्ट! बाई म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर तुम्ही दुसरी सोय करा. दुसरी सोय कुठून आणू? हे एकच पाळणाघर आहे जे माझ्या पाळीच्या आधी उघडतं. ते गेलं की क्रेन गेली.

वन्संना सांभाळा. तुम्हीही वेळेवर जेवत जा.

तुमची सून

१७ मार्च

सूनबाई,

आशीर्वाद आहेत, पण आज ते दात-ओठ खाऊन दिलेले आहेत.

वरची जागा म्हणजे ही जागा? अगं, आपल्यात 'वर गेला' कुणाला म्हणतात, ठाऊक आहे ना? पत्र वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. लगेच फोन करून तुझ्या नवऱ्याला झापलं. तो काय बोलला ते ऐकू आलं नाही, हे त्याचं नशीब.

माझं ऐकशील? सोड ती क्रेन. लिफ्ट काय, वर्षाने पुन्हा मिळेल. लेकरू दाराशी बूट घालून बसतं, हे वाचून मी जेवणाचं ताट बाजूला सारलं. तू म्हणतेस तुला काम चांगलं येतं. येत असेल. मला कळतंच कुठे? मला एवढंच कळतं, की एक लेक पलंगावर, एक सून ढगात आणि नात उंबऱ्यावर. मी कुणाकुणाकडे बघू? माझाच जीव टांगणीला लावून ठेवला आहेस.

तुझी नणंद विचारते आहे, मी नाही, की मध्येच बाथरूमला जायचं झालं तर काय करता? एवढं सगळं उतरता? आणि वारं आलं की ती खोली हलते का? हेही तीच विचारते आहे.

काय ते लवकर कळव. म्हणजे सोडलीस असं कळव.

आई

२५ मार्च

अहो आई,

वन्संना सांगा, सकाळचा चहा अर्धाच पिते. आणि हो, वाऱ्याने खोली हलते. सुरुवातीला खुर्ची घट्ट धरून बसायचे, आता झोप येईल की काय अशी भीती वाटते. वारा फार झाला की भोंगा वाजतो आणि काम बंद करतात.

क्रेन सोडलेली नाही. पण काल एक प्रकार झाला आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

जेवायची सुट्टी झाली होती. मी बहुतेक वेळा वरच डबा खाते, पण काल पाळणाघराला फोन करायचा होता आणि वर नीट ऐकू येत नाही. काँक्रीटची मोठी बकेट पलीकडे धुवायला टेकवून ठेवली होती. मी वायरलेसवर म्हटलं, 'येते हं,' यंत्र बंद केलं आणि शिडी उतरायला लागले. घरातून निघताना म्हणतो तसंच, सवयीने.

खाली पोचले तर सगळे आकाशाकडे तोंड करून उभे. एक ट्रक अडवून ठेवलेला, सिग्नलवाल्याच्या तोंडात शिट्टी, चौघे जण मागे सरून माना वर करून उभे. मला वाटलं, वर काहीतरी झालं. मीही जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि वर बघायला लागले. बराच वेळ आम्ही सगळे मिळून माझ्या रिकाम्या खोलीकडे बघत होतो! मी हळूच विचारलं, 'काय झालं हो?'

सिग्नलवाल्याने वळून पाहिलं आणि त्याची शिट्टी तोंडातून पडली. 'बाई, तुम्ही इथे? मग बकेट कोण आणतंय?'

'कसली बकेट?'

'तुम्हीच म्हणालात ना, येते! आम्ही समजलो बकेट येते.'

'अहो, मी येते म्हणजे... मी जेवायला जाते.'

सगळे खो खो हसले, ट्रकवाला सोडून. सिग्नलवाला हसला नाही. म्हणाला, 'बाई, इथे येते म्हणजे येते. आम्ही शब्दावर उभे असतो. येते म्हणालात की आम्ही जागेवरून हलणार नाही, दिवसभर म्हणाल तर दिवसभर. जायचं असेल तर जाते म्हणा.'

आई, मी तिथेच धुळीत खाली बसले. घोडं कुठे पेंड खात होतं ते मला त्या क्षणी कळलं. खारू हट्ट करतच नव्हती. आई 'येते' म्हणाली, म्हणून ती बूट घालून तयार बसत होती. उठायचं कशाला? जेवायचं कशाला? आई आत्ता येते आहे. रोज सकाळी मी तिला हसून सांगत होते की मी येते आहे आणि निघून जात होते. माझ्या पोरीने इतके दिवस शब्द पाळला. मला इतकं रडू आलं की सिग्नलवाल्याला वाटलं तोच फार बोलला.

आज सकाळी मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि म्हटलं, 'खारू, आई जाते. तू खेळ, मग जेव, मग झोप, मग दूध पी. दूध झालं की आई येईल.' तिने सगळं ऐकून घेतलं आणि असं भोकाड पसरलं की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला चिमटा काढला. महिना संपायला आठवडा राहिला आहे. मी चुकत असेन तर सगळंच गेलं. पण मी उद्याही 'जाते'च म्हणणार आहे.

तुमची सून

३१ मार्च

सूनबाई,

आधीच वर, आणि त्यात 'जाते'!

तुला मी काय सांगितलं होतं? माणूस घरातून बाहेर पडताना तो शब्द तोंडातून काढत नाही. का, ते मला विचारू नकोस. मला कारण देता येत नाही, मला भीती वाटते. रोज सकाळी माझी सून 'जाते' म्हणते आणि एवढ्या उंच चढते, हे ठाऊक असताना मी इथे शांतपणे पेज ढवळत बसू? ते साइटवरचं बोलणं साइटवर ठेव. हसू मात्र आलं बकेटचं, नाही म्हणत नाही. तुझी नणंद तर एवढी हसली की मला तिच्या पोटाची धास्ती वाटली.

बंद केलंस असं उलट टपाली कळव. नाहीतर मी येऊन खारूला घेऊन जाईन, मग बस तू ढगात.

आई

२२ एप्रिल

अहो आई,

उलट टपाली कळव म्हणालात आणि मी तीन आठवडे तोंड मिटून बसले. बंद केलं असं लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. चालू आहे असं लिहिलं असतं तर तुम्ही पहिली गाडी पकडली असती. आता लिहिते, कारण आता सांगण्यासारखं आहे.

पहिल्या दिवशी ती रडली. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त रडली. तिसऱ्या दिवशी रडता रडता बाईंच्या मागे लागली, 'दूध झालं?' सकाळपासून तेच. बाई वैतागून म्हणाल्या, 'आधी जेवण तरी होऊ दे!' तर जाऊन जेवायला बसली. दूध लवकर यावं म्हणून! दूध पिऊन पेला खाली ठेवते तोच मी दारात. तुमचा लेक त्या दिवशी मला साइटच्या फाटकापासून सायकलवर डबलसीट घेऊन आला होता, अर्ध्या झोपेत, पण वेळ चुकू दिली नाही. त्या आठवड्यात त्याने ते रोज केलं. खारूने एकदा पेल्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तिचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. गणित सुटल्यासारखा चेहरा.

दुसऱ्या दिवशी तिने बूट काढले.

महिनाअखेरीला बाई स्वतः पाळणाघराच्या फाटकापर्यंत आल्या. त्या म्हणाल्या, 'दोनदा वाढून घेतलं आज. राहू दे तिला इथेच. आणि ते तुम्ही जाते-बिते काय सांगता ते मी बाकीच्या आयांनाही शिकवलंय.' मी रस्त्यातच रडले आणि तुमचा लेक मला बघून रडला. खारू विचारत होती, दोघांना कुठे लागलं?

तुमच्या भीतीला मी हसत नाही, आई. तो शब्द काढताना मीही मनात देवाचं नाव घेते. पण मग मी तिला पुढचं सांगते, कधी येणार ते, आणि ते खरं करते. येण्याचं वचन मी रोज देते, फक्त आता ते पाळता येईल असं देते.

आता माझीच परीक्षा उरली आहे. पुढच्या बुधवारी गच्चीवर पाण्याची लोखंडी टाकी चढवायची आहे. साइटवरचं सगळ्यात जड ओझं. ती जागेवर बसली की साहेब माझ्याबद्दल काय ते ठरवणार. ज्याचा माझ्या जागेवर डोळा आहे तो सगळ्यांना सांगत फिरतो आहे की बाईच्या हाताने टाकी झुलणार. मला भीती वाटते आहे, आणि खरं सांगू का, हात शिवशिवतही आहेत.

तुमची सून

२९ एप्रिल, बुधवार, तुझ्याच स्वयंपाकघरातून

सूनबाई,

दचकू नकोस. हे पत्र डब्याखाली ठेवून मी संध्याकाळच्या गाडीने परत निघाले आहे. जावयांना आज सुट्टी होती, म्हणून एका दिवसापुरती निसटले. तुझ्या नवऱ्याला उठवलं नाही. लहानपणी घोरायचा तसाच अजून घोरतो.

तुझं पत्र वाचलं आणि त्यातल्या एका अक्षरावर माझा विश्वास बसला नाही. पत्रात सगळे गोडच लिहितात. म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला, आपणच जाऊ. आणि खरं सांगते, खारूला घेऊन जायचं ठरवूनच आले होते. तिच्यासाठी रिकामी पिशवीसुद्धा आणली होती कपड्यांना.

पाळणाघरात गेले. माझी नात वाळूत बसून दोन पोरांना हुकूम सोडत होती. मला बघून धावत आली, गळ्यात पडली, गालाला वाळू लावली. मी म्हटलं, 'चल, आजीकडे जायचं.' तर म्हणाली, 'नको. दूध झालं की आई येणार.' मी म्हटलं, 'अगं, मी आले आहे ना?' तर मलाच समजावायला लागली. जरा जोरात, मला ऐकू येत नाही म्हणून. 'आजी, आई गे-ली. मग ये-णार!' मी उठले, सवयीने म्हटलं, 'बरं, येते हं.' तिने विचारलं, 'कधी?' साठी उलटली, मला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. मग म्हटलं, 'जाते गं बाई.' 'जा,' म्हणाली आणि पुन्हा वाळूत बसली. पिशवी तशीच रिकामी परत चालली आहे.

मग पाय आपोआप साइटकडे वळले. रस्त्यावर ही गर्दी! टाकी नुकतीच जमिनीवरून उचलली होती. मी रिकामी पिशवी छातीशी घट्ट धरली. शेजारी दोन पुरुष वाद घालत होते. एक म्हणे वर बाई आहे, दुसरा म्हणे शक्यच नाही, एवढं ओझं आणि काडीचं हलत नाही. मी त्यांना म्हटलं, 'बाईच आहे. माझी सून आहे. जरा बाजूला व्हा, मला ती दिसत नाहीये.' दोघे लगेच सरकले. मग मी पाहिलं तुला. तू कुठे दिसतेस, काचेत एक ठिपका. पण टाकी दिसली. एवढं धूड वर चढलं, वळलं, थांबलं, आणि झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसं खाली बसलं. मला तुझं काम कळत नाही, असं मी लिहिलं होतं. आज कळलं. ऊर भरून आला गं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी तर जरा जास्तच.

टाळ्या थांबल्यावर मी सरळ फाटकातून आत गेले. कुणी अडवायला आलं की कानावर हात ठेवून 'काय?' म्हणत पुढे जायचं, हा माझा जुना उपाय आहे. टोपीवाला साहेब दिसला. त्याला विचारलं, 'माझ्या सुनेचं काय ठरवलंत?' तो काहीतरी पुटपुटला. म्हटलं, 'मोठ्याने बोला.' तो म्हणाला, उद्या कळवणार आहोत. म्हटलं, 'ऐकू येत नाही!' असं तीनदा झालं. शेवटी बिचारा ताठ उभा राहून छातीच्या देठापासून ओरडला, 'पक्की! पक्की केली आहे त्यांना!'

साइटवरच्या सगळ्यांनी ऐकलं. सिग्नलवाल्याने टोपी उडवली, तुझ्या जागेवर डोळा असलेला तो इसम पाणी प्यायला निघून गेला, आणि रस्त्यावरचे ते दोघे पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. ऐकलं नाही ते फक्त तू, कारण तू वर होतीस. सिग्नलवाला तुला सांगायला निघाला होता, पण साहेबाने सगळ्यांना दम भरला, की उद्या मी स्वतः सांगणार, तोवर कुणी बोलायचं नाही.

मला मात्र त्याने काही दम भरला नाही. तेव्हा सांगून टाकते. उद्या साहेब बोलावेल, तेव्हा चेहऱ्यावर जरा आश्चर्य आण. तुला ते सोंग जमायचं नाही, ओठ आधीच हसतील, मला माहीत आहे. तरी प्रयत्न कर.

तुझी,
आई